खुर्चीतली रीडिंगं

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता प्रेशरमामांनी तक्त्यात त्र्याहत्तर हा आकडा लिहिला, आणि तो धादांत खोटा होता.

छातीत त्या वेळी काय चाललं होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. दोन ठोके घाईघाईत, मग एक गायब, मग तीन-चार एकमेकांच्या पायात पाय अडकून पडल्यासारखे, आणि मग एक असा दणका की थेट गळ्यात जाणवावा. मिनिटभर घड्याळावर नजर ठेवून त्यांनी नाडी मोजली, तर एकशे अठरा भरली. पुन्हा मोजली, तर एकशे सव्वीस. मामांनी पेन उचललं, क्षणभर छताकडे बघितलं आणि लिहिलं, त्र्याहत्तर. पुढच्या रकान्यात 'नियमित'. त्याच्या पुढे 'काही त्रास वाटला का' असं छापलं होतं, तिथे 'नाही'. अक्षर काय सुरेख! आकड्याच्या खाली एक बारीकशी रेघसुद्धा मारली.

आता हे मामा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. गावाच्या कडेला एक भली मोठी लॉन्ड्री होती. हॉटेलांच्या नि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे तिथे ट्रक भरभरून यायचे. पाणी तापवायला आणि इस्त्रीच्या रोलरना वाफ द्यायला एक बॉयलर होता, आणि त्या बॉयलरवर मामांनी एकतीस वर्षं काढली होती. आत पाणी किती आहे ते बघायचं, वाफेचं प्रेशर बघायचं आणि दर तासाला आकडे लॉगबुकात भरायचे. कोणी 'काय मामा, कसं काय?' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'प्रेशर बरोबर आहे.' म्हणून प्रेशरमामा. घरी मामीसुद्धा चिडल्या की म्हणायच्या, "तुमचं प्रेशर तुमच्यापाशी ठेवा, मला काम आहे."

त्यांची बायपास होऊन चोवीस दिवस झाले होते. ऑपरेशन चांगलं झालं होतं, त्यात वादच नाही. पण तिसऱ्या दिवशी, अतिदक्षता विभागात असतानाच, हृदयाने आपली चाल सोडली आणि हवं तसं धावायला लागलं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं होतं. हाताला सलाइन लावलं, त्यातून औषध गेलं, दोन दिवसांनी ठोके वळणावर आले. बाराव्या दिवशी मामा घरी आले. एकोणिसाव्या दिवशी टाके दाखवायला गेले, तर डॉक्टरांनी ठोक्यांची गोळी निम्मी केली आणि म्हणाले, आठ दिवस बघू. सिस्टरनी हातात तक्ता दिला. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. दोन बोटं मनगटावर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं आणि लिहायचं.

"मशीनने नको हं," सिस्टर म्हणाल्या. "ठोके वेडेवाकडे पडायला लागले की मशीनचा गोंधळ होतो. बोटांनीच मोजा. एकशे दहाच्या वर गेले किंवा अनियमित वाटले, तर खालच्या नंबरवर लगेच फोन. रात्र असो, दिवस असो. ठोके असेच राहिले तर आत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर..."

त्या तिथेच थांबल्या. मामी खुर्चीत पुढे सरकल्या. मामांनी मात्र तक्ता घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सिस्टर, एकतीस वर्षं रीडिंगंच घेतलीत मी. तुम्ही निर्धास्त राहा."

पहिला दिवस बरा गेला. चारही आकडे खरे होते आणि मामा ते अभिमानाने दाखवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता छातीत काहीतरी फडफडलं. मामा वॉशबेसिनला धरून उभे राहिले. वाटलं, जाईल. गेलं नाही. सहाची वेळ झाली, खुर्चीत बसून मोजलं, तर एकशे बावीस.

तेव्हा त्यांनी फोन करायला हवा होता. कोणीही शहाण्या माणसाने केला असता. पण मामांच्या डोळ्यांपुढे आला सहा नंबर.

अतिदक्षता विभागात मामांचा पलंग पाचवा होता आणि शेजारी सहाव्यावर एक शिक्षक होते. गप्पिष्ट माणूस. तोंडावरचा मास्क बाजूला करून सिस्टरना कोडी घालायचे. त्यांचंही हृदय असंच वेडंवाकडं चालायचं. एका दुपारी त्यांना नीट केलं, घरी पाठवलं, आणि मामा अजून तिथेच असताना ते तिसऱ्या दिवशी परत आले. 'काय मास्तर, करमेना का?' मामांनी चेष्टा केली. मास्तर हसले. संध्याकाळी त्यांच्या पलंगाभोवती हिरवा पडदा ओढला गेला, आत पाच-सहा जणांची पळापळ झाली, आणि मग सगळं शांत झालं. सकाळी पलंगावर नवीन चादर होती. ती चादर मामांच्याच लॉन्ड्रीत धुतलेली होती. कोपऱ्यावरचा निळा शिक्का मामांनी ओळखला.

तेव्हापासून मामांच्या मनाने घेतलं, की दवाखान्यात परत जाणारा घरी येत नाही. डॉक्टर काय सांगतात, पुस्तकात काय लिहिलंय, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तक्त्यात एकशे बावीस लिहिलं की बोलावणार. बोलावलं की तोच विभाग, तोच पलंग, तोच हिरवा पडदा. म्हणून त्यांनी लिहिलं, चौऱ्याहत्तर.

आणि खोटं कसं लिहायचं हे मामांना कोणी शिकवायला नको होतं. बॉयलरवर काम करणाऱ्यांमध्ये एक जुनी खोड आहे. दर तासाला उठून, शिडी चढून, काच पुसून आकडे बघायचा कंटाळा आला की लोक खुर्चीत बसल्या बसल्याच लॉगबुक भरून टाकतात. त्यांना ते 'खुर्चीतली रीडिंगं' म्हणतात. त्याचीही एक कला आहे. सलग एकच आकडा लिहायचा नाही, साहेबाला संशय येतो. एकाने चढवायचा, दोनाने उतरवायचा. दिवसातून एखादा आकडा मुद्दाम थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे बाकीचे खरे वाटतात. मध्येच पेन बदलायचं. मामा या कलेतले उस्ताद होते. तरुणपणी होते म्हणा. पुढे एकदा चांगलाच दणका बसला आणि त्यांनी ती सवय सोडली. पण शिकलेलं कुठे जातं? तीन दिवसांत तक्ता असा काही सजला, की फ्रेम करून भिंतीवर लावावा.

त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लेक. ती लांब राहायची, रोज सकाळी फोन करायची.

"बाबा, आज किती?"

"बहात्तर."

"व्वा! कालच्यापेक्षाही छान. आईला द्या."

मामी फोन घ्यायच्या, हो हो करायच्या आणि परत आपल्या मशीनवर जाऊन बसायच्या. त्या घरीच कपड्यांची दुरुस्ती करायच्या. कोणाची पँट आखूड करायची, कोणाच्या कोटाची चेन बदलायची. गळ्यात मोजपट्टी लटकलेली असायची, तशीच घेऊन स्वयंपाक करायच्या. आजारपणाच्या धांदलीत कामं तुंबली होती, लोक तगादा लावत होते. तक्ता आला त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "मी मोजत जाईन तुमची नाडी. तुम्ही पडून राहा." मामा हसले होते. "अगं, कंबर मोजणं वेगळं नि हे वेगळं. कापड हलत नाही. तुला नाही जमायचं." मामी हातातली सुई ओवत राहिल्या.

पण आकडे लिहिले म्हणून छाती थोडीच ऐकते! मामांचा जीव दिवसभर टांगणीला लागलेला असायचा. डाव्या कुशीवर वळलं की ठोके कानात वाजायचे, म्हणून उताणं पडायचं. उताणं पडलं की जखम ओढायची. खोकला आला की दवाखान्यातून दिलेली छोटी उशी छातीशी घट्ट धरायची, आणि खोकून झाल्यावर कान देऊन बसायचं, की आता काही बिघडलं का. थंड पाणी पिऊन बघितलं. श्वास रोखून बघितलं. एकदा तर बाथरूमचं दार लावून त्यांनी हृदयाला चक्क दटावलं, "अरे बाबा, इतकी माणसं एवढी खटपट करतायत, आणि तू काय चालवलंयस? सरळ चाल ना!" ते मिनिटभर सरळ चाललं. मामांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुन्हा अडखळलं.

आणि मग गुठळी. तो शब्द त्यांच्या डोक्यातून जाईना. हाताला मुंग्या आल्या की, ही गुठळी. चमचा हातातून निसटला की, ही गुठळी. आरशासमोर उभं राहून ते हसून बघायचे, तोंड वाकडं होतंय का. मामींनी एकदा पाहिलं. "काय हो, एकटेच काय हसताय?" मामा म्हणाले, "दात बघतोय." म्हणजे बघा, दवाखान्याची भीती आणि गुठळीची भीती अशा दोन भीती, आणि मधे हा माणूस. फोन केला तर मरणार, नाही केला तरी मरणार, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलेलं. मग निदान घरी तरी, असा हिशोब.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी दोन वाजताचा आकडा जेवणाआधीच भरून टाकला, बहात्तर, आणि जेवून जरा पडले. थकवा इतका होता की डोळा लागला. उठले तेव्हा चार वाजत आले होते आणि दारावर कोणीतरी धपाधप थापा मारत होतं. अशी थाप गावात एकच माणूस मारायचा.

तो दाढी. मामांच्या समोरच्या पाळीचा माणूस. मामा पहिल्या पाळीला असले की हा दुसऱ्या, मामा दुसऱ्या असले की हा पहिल्या. बावीस वर्षं दोघांनी एकमेकांना बॉयलर दिला नि घेतला. दाढी त्याने कधीच काढून टाकली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आणखी गंमत म्हणजे, मामाला मामा म्हणणारा दाढी मामींना मात्र वहिनी म्हणायचा. हे नातं कुठल्या गणिताने बसतं ते कोणी कधी विचारलं नाही.

"काय रे मामा, अंथरुणातून उठायचं नाव नाही? तिकडे मी डबल पाळ्या करून मेलो!" दाढी खुर्ची ओढून बसला. पिशवीतून सफरचंदं काढून टेबलावर ठेवली. "तुझ्या जागी एक नवीन आणलाय. बॉयलरला हात लावायला घाबरतो. लांबून नमस्कार करतो नुसता."

मामा हसले. हसताना छातीत कळ आली आणि ठोके पुन्हा उधळले. त्यांनी उशी जवळ ओढली.

"बरं चाललंय ना?" दाढीने विचारलं.

"एकदम! प्रेशर बरोबर आहे."

मामी कौतुकाने तक्ता घेऊन आल्या. "बघा ना भावजी. किती छान आलेत आकडे. परवा डॉक्टर बघतील तर खूश होतील." त्यांनी तक्ता दाढीच्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेल्या.

दाढीने खिशातून चष्मा काढला. आधी सहज बघितलं. मग पहिल्या ओळीपासून बोट फिरवत खाली येऊ लागला. पहिला दिवस, शहाऐंशी, ब्याऐंशी, नव्वद, चौऱ्याऐंशी. दुसरा दिवस, चौऱ्याहत्तर, बहात्तर, पंच्याहत्तर, त्र्याहत्तर. तिसरा, चौथा, पाचवा. बोट थांबलं. मामा खिडकीबाहेर बघू लागले.

"मामा," दाढी हळू आवाजात म्हणाला, "मी आलो तेव्हा तू झोपला होतास ना?"

"डोळा लागला होता जरा."

"केव्हापासून?"

"दीडपासून असेल. का?"

"मग दोन वाजता मोजलं कोणी?"

मामा उशीची शिवण चाचपू लागले.

"एक चढव, दोन उतरव. चौथ्या दिवशी संध्याकाळी एक अठ्ठ्याहत्तर, मुद्दाम. इथे निळं पेन, इथे काळं." दाढीने चष्मा कपाळावर सरकवला. "तुझ्या लॉगबुकात बावीस वर्षं मी सही करतोय रे. मला शिकवतोस? ही खुर्चीतली रीडिंगं आहेत."

"हळू बोल. ती ऐकेल."

"ऐकू दे की!"

"दाढी, तुझ्या पाया पडतो." मामांच्या कपाळावर घाम आला होता. "आपल्यात काय ठरलंय? एकमेकांचं लॉगबुक साहेबापर्यंत न्यायचं नाही."

हे खरं होतं. बॉयलरवरचा तो अलिखित नियम होता. समोरच्या पाळीवाल्याने काही का लिहिलेलं असेना, आपण साहेबापाशी चुगली करायची नाही. दाढीने तो नियम आयुष्यभर पाळला होता. तो तक्त्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही राग नि अशी काही भीती एकदम आली, की मामांना त्याच्याकडे बघवेना.

"नाही सांगत कोणाला," तो शेवटी म्हणाला. "पण दुसराही एक नियम आहे. तो तूच घालून दिलास. आठवतंय ना, केव्हा?"

न आठवून कसं चालेल! पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, आत पाणी किती ते त्यात दिसतं. त्या दिवशी नळीचा खालचा कॉक, म्हणजे छोटी तोटी, गाळाने तुंबला होता. काचेत पाणी अर्ध्यावर झकास दिसत होतं आणि आत बॉयलर कोरडा पडून फुटायच्या बेतात आला होता. मामांनी दिवसभर खुर्चीत बसून 'अर्धं' लिहिलं होतं. दाढीने संध्याकाळी पाळी घेताना सहज म्हणून कॉक उघडून बघितला, म्हणून दोघंही जिवंत राहिले. त्या दिवसापासून मामांनी ठरवलं, की आधीच्या पाळीचं लॉगबुक वाचून पाळी घ्यायची नाही. आधी कॉक उघडायचा, पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मगच सही.

"हात दे," दाढी म्हणाला.

"अरे, कशाला उगाच..."

"हात दे म्हणतो ना!"

मामांनी हात पुढे केला. दाढीने आपली जाड, भाजल्याच्या डागांनी भरलेली दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला. त्याचे ओठ हलत होते. मध्येच थांबायचे, मध्येच पळायचे. अर्धं मिनिट झालं नसेल, दाढीचा चेहरा पांढरा पडला. त्याने बोटं काढली नाहीत, पण मोजायचं सोडून तो नुसता मामांकडे बघत राहिला.

तेवढ्यात मामी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या.

त्या थबकल्या. नवऱ्याचा हात दाढीच्या हातात, दाढीची नजर अशी, कॉटवर तक्ता उलटा पडलेला. मामांनी झटकन हात मागे घेतला. "काही नाही, जुनी आठवण निघाली होती," ते म्हणाले. मामींनी ट्रे टेबलावर ठेवला. कप एकमेकांना लागून वाजले.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला किती आले?"

दाढीने मान खाली घातली. "वहिनी, ते तुम्ही मामालाच विचारा."

"ह्यांचं मला माहीत आहे. तुम्हाला किती आले ते सांगा. मला एक खात्री करून घ्यायचीय." त्यांचा आवाज बारीक झाला होता, अपराध केल्यासारखा. "म्हणजे मला हसू नका. मला कालपासून कोणाला तरी विचारायचं होतं."

त्यांनी मशीनच्या खणातून एक वही काढली. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही. दाढीपुढे उघडून धरली. मामांना वाचायला मान वाकडी करावी लागली. कंबर चौतीस, उंची एक्केचाळीस. बाही तेवीस. आणि त्याच्या खाली, पेन्सिलने, परवा दुपारी, एकशे वीस. काल दुपारी, एकशे सोळा, मग खोडून एकशे चोवीस. आज अडीच वाजता, एकशे अठरा, प्रश्नचिन्ह. पुढे आणखी एक प्रश्नचिन्ह.

"हे दुपारी झोपले ना, की मी हळूच मोजते," मामी म्हणाल्या. "म्हटलं शिकून घ्यावं. पण मला जमतच नाही बघा. मला नेहमी जास्तच येतात, आणि मध्येमध्ये ठोका सुटतो. मग तक्त्यात बघते तर ह्यांनी बहात्तर लिहिलेले. ह्यांचं एकतीस वर्षांचं काम आहे, ते कशाला चुकतील? मग मी माझी स्वतःची नाडी मोजून बघितली, तर ती बरोबर येते. खालच्या मजल्यावरच्या बाईंची मोजली, तीही बरोबर. ह्यांची धरली की चुकते. म्हटलं, मी घाबरते म्हणून बोटं थरथरत असतील."

दाढीने वहीतल्या आजच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"काल तर फोन हातात घेतला होता मी, दवाखान्याला लावायला," मामी पुढे म्हणाल्या. "मग वाटलं, सिस्टर विचारतील तक्त्यात काय आहे, तर काय सांगू? उगाच ह्यांना घाबरवायचं, लेकीला घाबरवायचं. ठेवून दिला." त्यांनी मोजपट्टीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. "भावजी, तुम्हाला बहात्तरच आले ना?"

मामांना आजवर अनेकदा लाज वाटली होती. पाळीवर झोपलेले सापडले होते तेव्हा, ऑपरेशनच्या आधी अंगावरचे सगळे कपडे काढायला लावले होते तेव्हा. पण असं कधी झालं नव्हतं. ही बाई तीन दिवस बरोबर मोजत होती. हिच्या बोटांनी खरं तेच सांगितलं होतं, आणि आपण त्या बोटांवरचा तिचा विश्वास उडवला होता. फोन तिच्या हातातून आपण काढून घेतला होता, आणि ते आपल्याला माहीतसुद्धा नव्हतं. त्यांना हिरवा पडदा आठवला, मास्तर आठवले, पण भीती वाटायला मध्ये जागाच उरली नव्हती.

 मामा मामींकडे वळले. "अगं, त्याला नको विचारू. मी सांगतो. तक्ता खोटा आहे. दुसऱ्या दिवसापासून सगळा खोटा आहे."

मामी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांना राग यायला हवा होता. तो यायचा होता, आणि पुढे आला तेव्हा चांगला आठवडाभर पुरला. पण त्या क्षणी त्यांनी विचारलं ते एवढंच, "म्हणजे... एकशे वीस खरे?"

"खरे."

मामींनी फोन उचलला. तक्ता सरळ करून खालचा नंबर बघितला आणि लावला. तिकडून सिस्टरचा आवाज आला. मामींनी नाव सांगितलं, ऑपरेशनची तारीख सांगितली. सिस्टरनी विचारलं, कधीपासून आहे असं? मामींनी फोन मामांच्या कानाशी धरला.

"चौथा दिवस आहे आज," मामा म्हणाले. "थांबलेलं नाही. मी कळवलं नाही. चूक माझी आहे."

सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त भराभर विचारलं, बोलताना जीभ जड होते का, हातापायात ताकद आहे ना, दम लागतोय का, छातीत दुखतंय का. मग म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता या. स्वतः जिना उतरू नका, खुर्चीतून खाली आणायला सांगा. रक्त पातळ करायची गोळी कोणती देतात, ती सोबत आणा. आणि तक्ता घेऊन या.

"तक्ता नको सिस्टर," मामा म्हणाले. "आमच्या घरात दुसरी एक वही आहे, ती आणतो."

दाढी तोवर टॅक्सी बोलवायला खाली धावला होता. वर येताना टॅक्सीवाल्यालाच घेऊन आला. दोघांनी मिळून मामांना लाकडी खुर्चीत बसवून दोन मजले खाली उतरवलं. प्रत्येक पायरीला दाढी शिव्या घालत होता. मामांना, जिन्याला, इमारत बांधणाऱ्याला. मामा उशी छातीशी धरून गुपचूप बसले होते. मामी मागून गोळ्यांची पिशवी, वही आणि एक घडी घातलेला शर्ट घेऊन येत होत्या. गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेली होती.

टॅक्सी निघाली. दाढी पुढे बसला, हे दोघं मागे. संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. सिग्नल लागला की दाढी टॅक्सीवाल्याच्या आधी हॉर्नकडे हात नेत होता. मामांच्या छातीत तोच धिंगाणा चालू होता, किंवा त्याहून जास्त. त्यांना घाम फुटला होता. दवाखान्याची इमारत अजून दिसत नव्हती आणि दिसू नये असंही वाटत होतं. त्यांनी डोळे मिटले, तर हिरवा पडदा. उघडले, तर रस्ता.

"फार घाबरलोय गं मी," ते म्हणाले. असं ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कधी म्हणाले नव्हते.

"मीपण," मामी म्हणाल्या.

मग मामांनी आपला हात उताणा करून त्यांच्या मांडीवर ठेवला. "मोज," ते म्हणाले. "डॉक्टर विचारतील."

मामींनी दोन बोटं मनगटावर ठेवली. गाडी हलत होती. त्या पुढच्या काचेजवळच्या घड्याळाकडे बघत मनात मोजू लागल्या. चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा झाला होता. अर्ध्यावर त्या गोंधळल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चुकलं. मधला एक ठोका सुटला माझा. परत पहिल्यापासून मोजते."

"सुटला नाही," मामा म्हणाले. "तो पडलाच नाही. तू बरोबर मोजतेयस, पुढे मोज."